आठ महिने नोकरी नाही, तरी सरकारी नोंदीत ‘कामावर’: बेरोजगारीचा आकडा नेमके काय मोजतो?

विटावेकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही विटाव्याला एकत्र कुटुंबात राहतो. माझे दीर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत एकोणीस वर्षे गुणवत्ता तपासणीच्या कामाला होते. गेल्या वर्षी कंपनीने इथला विभाग बंद केला, हिशेब चुकता केला आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दीर घरी बसले. त्याला आता आठ महिने झाले. रोज सकाळी ते रबाळे, महापे, वागळे इस्टेट अशा फेऱ्या मारतात, जुन्या ओळखीच्या लोकांकडे बायोडेटा देऊन येतात आणि संध्याकाळी पाच ते नऊ माझ्या यजमानांच्या झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. त्याचा त्यांना पगार मिळत नाही, कारण दुकान घरचे आणि जेवणही घरचेच.

मागच्या महिन्यात केंद्र सरकारच्या रोजगार सर्वेक्षणासाठी एक बाई टॅबलेट घेऊन आमच्याकडे आल्या. दीर बाहेर गेले होते, म्हणून त्यांच्याविषयीची उत्तरे मीच दिली. गेल्या सात दिवसांत त्यांनी काही काम केले का, असे बाईंनी विचारले. मी म्हटले, ‘काम नाही हो, नोकरी शोधताहेत, संध्याकाळी तेवढे दुकानात बसतात.’ त्यावर बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, ‘ताई, दुकानात बसतात ना, मग ते कामातच धरावे लागते.’ आणि त्यांनी तशी नोंद करून टाकली.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. बातम्यांमध्ये बेरोजगारीचा दर पाच टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगतात. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत आणि त्यांतल्या दोन घरांत कर्ता माणूस नोकरीविना आहे. त्या बाईंनी चुकीची नोंद केली का? आणि चूक नसेल, तर माझ्या दिरांसारखी माणसे या आकड्यात कुठेच दिसत नाहीत, असे समजायचे का? कोणी जाणकाराने समजावून सांगितले तर फार बरे होईल.

माजी_अन्वेषक_ठाणे

ताई, मी अशाच सर्वेक्षणांमध्ये क्षेत्र अन्वेषक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून आधी त्या बाईंविषयी सांगतो. त्यांनी नियमाप्रमाणेच नोंद केली आहे. आपल्याकडे आलेले सर्वेक्षण म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, ज्याला सगळे ‘पीएलएफएस’ म्हणतात. ते एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाले. त्याच्या साप्ताहिक मापात मागील सात दिवसांपैकी कोणत्याही एका दिवशी एक तास जरी काम केले असेल, तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. त्या आठवड्यात एक तासही काम झाले नाही, पण काम शोधले किंवा मिळाले असते तर करायची तयारी होती, अशी व्यक्ती बेरोजगार धरतात. काम केले आणि काम शोधलेही, अशी दोन्ही उत्तरे आली तर काम करण्याला अग्रक्रम मिळतो. आपल्या दिरांचे नेमके हेच झाले. त्यांच्यापुढे बहुधा २१ हा संकेतांक पडला असेल, म्हणजे ‘घरगुती उद्योगातील विनावेतन मदतनीस’. नोकरी शोधणाऱ्यासाठी वेगळा संकेतांक आहे, पण चार तास गल्ल्यावर बसल्यामुळे तिथपर्यंत त्यांची पाळी आलीच नाही.

दुसरे माप वर्षाचे असते. त्यात मागील ३६५ दिवसांपैकी जास्त काळ माणूस कशात होता ते पाहतात आणि त्याशिवाय वर्षभरात ३० दिवस किंवा अधिक काही दुय्यम काम केले असेल तर तेही धरतात. म्हणजे वर्षातला बहुतांश काळ काम शोधण्यात गेला, पण मधल्या काळात महिनाभर कुठे काहीतरी केले, तर तोही रोजगारातच मोजला जातो. या वार्षिक मापाने देशाचा बेरोजगारी दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. त्याच २०२३-२४ मध्ये साप्ताहिक मापाने तो ४.९ टक्के निघाला. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली आणि दर महिन्याला साप्ताहिक मापाचा आकडा येऊ लागला. पहिला आकडा एप्रिल २०२५ चा होता आणि तो ५.१ टक्के होता. आपण बातम्यांत ऐकता तो पाच टक्क्यांच्या आसपासचा आकडा हाच.

आता दिरांसारखी माणसे कुठे दिसतात ते सांगतो, कारण ती दिसतात, फक्त वेगळ्या तक्त्यात. एकूण काम करणाऱ्यांमध्ये घरगुती उद्योगातील मदतनीसांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये १३.६ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये १९.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे दर पाच कामकऱ्यांमागे जवळपास एक जण घरच्या शेतीत किंवा दुकानात विनावेतन राबणारा आहे. याच काळात नियमित पगारदारांचे प्रमाण २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आले. बेरोजगारी दर निम्म्यावर आला हे वाक्य या दोन आकड्यांशेजारी ठेवून वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मदतनीसांमध्ये घरच्या शेतीत मनापासून काम करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, त्या सगळ्यांना बेकार म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्यातच आपले दीरही आहेत आणि तक्त्यावरून एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२५ पासूनच्या नव्या पद्धतीत निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने मिळून चार वेळा भेट देतात. त्या बाई आपल्याकडे पुन्हा येतील. प्रश्नावलीत किती तास काम केले आणि आणखी काम करायला उपलब्ध होता का, हेही विचारतात. ते उत्तर शक्यतो दिरांनी स्वतः द्यावे. घरातल्या दुसऱ्या कोणी उत्तर दिले की हे बारकावे हमखास सुटतात. अन्वेषकाला त्या दिवशी अजून बरीच घरे करायची असतात आणि संध्याकाळी लोक दार उघडून उभेच असतात, बसा म्हणत नाहीत. हा माझा अनुभव आहे.

नाका_सोबती

अन्वेषक काकांनी दुकानाचे सांगितले, मी नाक्याचे सांगते. मी नवी मुंबईत नाका कामगारांच्या नोंदणीचे काम करते. बांधकाम कामगार मंडळाचे अर्ज भरायचे आणि नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यासाठी ठेकेदारांच्या मागे लागायचे, असे ते काम आहे. आमच्या नाक्यावर सकाळी साडेसात-आठला दीड-दोनशे माणसे उभी असतात. मिस्त्री आपली थापी पिशवीतून थोडी बाहेर काढून ठेवतो, म्हणजे टेम्पोवाल्याला लांबूनच कळावे की हा बिगारी नाही. रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो. साडेदहा वाजले की जे उरले त्यांना त्या दिवशी काम लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी काही जण अकरापर्यंत उभे राहतात.

त्यांच्यापैकी परभणीकडचे एक काका मागच्या पावसाळ्यात मला आपली छोटी वही दाखवत होते. त्यात दिवसागणिक एक रेघ किंवा एक फुली होती. रेघ म्हणजे काम लागले, फुली म्हणजे खाडा. एका आठवड्यात दोन रेघा आणि पाच फुल्या, पुढच्या आठवड्यात एक रेघ आणि सहा फुल्या. साप्ताहिक मापाने हे काका दोन्ही आठवडे रोजगारात आहेत, कारण आठवड्यातला एक तास त्यांनी भरून काढलाच. त्यांच्या वहीप्रमाणे चौदा दिवसांतले अकरा दिवस हात रिकामा होता.

ही वहीची पद्धत आपल्या सांख्यिकीला अपरिचित होती असे नाही. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये सांगितले होते की भारतासारख्या देशात माणसांऐवजी दिवस मोजावेत, आणि तेही अर्ध्या-अर्ध्या दिवसाने. १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून ‘चालू दैनिक स्थिती’ हे माप त्यातूनच आले. २०११-१२ च्या पाहणीत वार्षिक मापाने बेरोजगारी २.२ टक्के होती आणि दैनिक मापाने ५.६ टक्के होती. सर्वेक्षण एकच, माणसे तीच, वर्षही तेच, आणि आकडा अडीच पट. आज बातम्यांमध्ये जो आकडा मोठ्या अक्षरांत येतो तो या दैनिक मापाचा नसतो. मला याचे फार वाईट वाटते, कारण नाक्यावरच्या माणसाचे खरे दुखणे फक्त त्या मापात दिसत होते.

आणखी एक. सर्वेक्षण घरांचे असते. ज्याला ठरलेला मुक्कामच नाही, अशी फिरती वस्ती यादीत घेतली जात नाही. पुलाखाली जे कुटुंब कायम एकाच ठिकाणी राहते ते यादीत येते, पण पंधरा दिवस या साइटवर आणि पुढचे पंधरा दिवस त्या साइटवर झोपणारा माणूस बहुतेक वेळा निसटतो. काम अगदीच संपले की तो गावी जातो, भावाच्या दोन एकरांत उतरतो आणि तिथे काकांनी सांगितलेल्या २१ क्रमांकाच्या रकान्यात जाऊन बसतो. शहरातली बेकारी अशी गावात जाऊन शेतीतला रोजगार होते.

नेरूळ_अर्थशास्त्र

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत. तरीही काही मुद्द्यांवर मला थोडे वेगळे म्हणायचे आहे, आणि ते आकड्यांची वकिली करण्यासाठी नव्हे. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. दर वर्षी वर्गात कोणी ना कोणी ‘एका तासाचा नियम म्हणजे सरकारची चलाखी’ असे म्हणतो, म्हणून सांगावेसे वाटते की हा नियम आपला नाही. तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मानकांतून आला आहे आणि त्यामागे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचे कारण आहे. उत्पादनात जो तास मोजला जातो, तो तास देणारा माणूसही कामकऱ्यांत मोजला गेला पाहिजे, नाहीतर दोन्ही हिशेब जुळत नाहीत. उलट आपली व्याख्या एका बाबतीत अनेक देशांपेक्षा उदार आहे. अमेरिकेत मागील चार आठवड्यांत प्रत्यक्ष काम शोधलेले असावे लागते, नाहीतर सामान्यतः तो माणूस बेरोजगारांतून वगळला जातो. आपल्याकडे शोधले नाही, पण मिळाले तर करीन, असे म्हणणाराही बेरोजगार धरतात. निराश होऊन शोध सोडलेली माणसे त्यामुळे निदान कागदावर तरी वगळली जात नाहीत.

‘निदान कागदावर तरी’ असे म्हणण्याचे कारण सांगतो. बेरोजगारी दर काढताना भागाकार एकूण लोकसंख्येने करत नाहीत, श्रमबलाने करतात. श्रमबल म्हणजे काम करणारे आणि काम मागणारे मिळून. एखाद्या चाळीत शंभर प्रौढ आहेत, त्यांतले साठ जण श्रमबलात आहेत आणि त्या साठांत तीन जण बेकार आहेत असे धरा, म्हणजे दर पाच टक्के झाला. आता त्या तिघांपैकी दोघींनी ‘आता नको, घरीच बरी’ असे सांगितले. श्रमबल अठ्ठावन्न झाले, बेकार एक राहिली आणि दर १.७ टक्क्यांवर आला. चाळीत एकालाही नोकरी लागलेली नाही. आमच्याकडे ‘घरीच असते’ हे उत्तर स्त्रिया इतक्या सहज देतात की उपलब्धतेचा पुढचा प्रश्न विचारला जाण्याआधीच त्या घरकामाच्या रकान्यात जातात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की आधी श्रमबल सहभागाचा दर पाहा, मग बेरोजगारीचा. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. ही वाढ संधी वाढल्याने आहे, घरची ओढाताण वाढल्याने आहे की प्रश्न अधिक नीट विचारले गेल्याने आहे, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही. माझ्या मते तिन्ही कारणांचा काही ना काही वाटा आहे, आणि मदतनीसांचे वाढलेले प्रमाण पाहता दुसऱ्या कारणाचा वाटा लहान नसावा.

टाळेबंदीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी भारतातला साप्ताहिक दर सुमारे २१ टक्क्यांवर गेला होता. तीच तिमाही २०१९-२० च्या वार्षिक अहवालातही येते, कारण ते वर्ष जुलै ते जून असे धरले जायचे. त्या अहवालात वार्षिक दर ४.८ टक्के आला, म्हणजे आदल्या वर्षीच्या ५.८ पेक्षा कमी. यात कोणी लबाडी केलेली नाही. ३६५ दिवसांचा आढावा घेताना तीन महिन्यांची बेकारी आधीच्या नऊ महिन्यांच्या कामात बुडून गेली, आणि गावी परतलेल्यांना शेतीने सामावून घेतले. त्या एका वर्षात शेतीतल्या कामकऱ्यांचे प्रमाण ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर गेले. विकासाच्या वाटेवरच्या देशात हे प्रमाण घटत जायला हवे. ते उलट वाढते तेव्हा शेतीची भरभराट झाली असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून ‘आकडा खोटा’ असे मी म्हणणार नाही. त्याला विचारलेला प्रश्न फार अरुंद आहे, हे मात्र ठामपणे म्हणेन. जिथे बेकारी भत्ता जवळपास नाहीच, तिथे पूर्ण रिकामे बसणे फक्त त्यालाच परवडते ज्याला घरचा आधार आहे. त्यामुळेच आपल्याकडे १५ ते २९ वयोगटातला दर २०२३-२४ मध्येही १०.२ टक्के होता, एकूण दराच्या तिपटीहून जास्त. ठाण्यातल्या कोणत्याही अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरून बसलेली मुले या आकड्यात येतात, आणि तीही सगळी नाहीत. जी मुले कुठल्या तरी अभ्यासक्रमाला नाव घालून बसली आहेत आणि नोकरीला तयार असल्याचे सांगत नाहीत, ती विद्यार्थी म्हणून श्रमबलाबाहेरच राहतात.

रबाळे_वर्कशॉप

माझा लहानसा टर्निंग-मिलिंगचा धंदा आहे. मला तक्त्यांतले कळत नाही, पण उलट बाजूने एक सांगतो. जाहिरात न देता नुसते दारावर ‘ऑपरेटर पाहिजे’ असे लिहिले की दोन दिवसांत वीस-पंचवीस माणसे येतात. त्यांना ‘सध्या काय करता’ असे विचारले तर एकही जण ‘बेकार आहे’ असे म्हणत नाही. कोणी रात्री चार तास पार्सल पोहोचवतो, कोणी मेहुण्याची रिक्षा अर्धी पाळी चालवतो, कोणी सोसायटीत बदली वॉचमन असतो. मागे एक जण आला, त्याने खिशातून मायक्रोमीटर काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘हा माझा स्वतःचा आहे, दहा वर्षे वापरतोय, तुम्ही हवे तर मला कामावर घेऊन बघा.’ तो त्या वेळी भाजीच्या गाडीवर बसत होता. सरकारी हिशेबात तो कामावर होता, हे आज इथे वाचून कळले. विटावेकर ताई, आपल्या दिरांना गुणवत्ता तपासणीचा अनुभव असेल तर त्यांनी मला इथे निरोप पाठवावा. जागा मोठी नाही आणि पगारही पूर्वीइतका देता येणार नाही, पण बोलून पाहू.

विटावेकर

सर्वांचे मनापासून आभार. वर्कशॉपवाल्या दादांना दिरांनी काल रात्रीच निरोप पाठवला आहे.

नेरूळच्या सरांचे ‘घरीच असते’ हे वाचल्यावर मला एकदम आठवले की त्या बाईंनी मलाही विचारले होते आणि मी अगदी हेच उत्तर दिले होते. प्रत्यक्षात दीर घरी बसल्यापासून मी रोज दुपारी दोन-अडीच तास टिकल्यांची पाकिटे भरते. शेजारच्या वहिनी खालून पोते आणतात, त्यातून आम्ही दोघी वाटून घेतो आणि बारा डझनांचा एक गठ्ठा झाला की त्याचे पैसे मिळतात. बाई समोर बसल्या होत्या तेव्हाही अर्धे भरलेले ताट माझ्या मागे कॉटवर होते आणि त्यावर वर्तमानपत्र झाकलेले होते. मला ते काम म्हणून सांगावे असे सुचलेसुद्धा नाही.

म्हणजे आमच्या घरात जो नोकरी शोधतो त्याची नोंद कामावर अशी झाली आणि जी काम करते तिची नोंद घरी अशी झाली. बाई पुढच्या महिन्यात येतील तेव्हा मी टिकल्यांचे सांगणार आहे. सरांच्या हिशेबाप्रमाणे त्यामुळे श्रमबल एकाने वाढेल आणि बेरोजगारीचा दर तेवढ्यापुरता कमीच होईल, हे मला आता कळते, पण खरे आहे ते सांगितले पाहिजे. दिरांना मात्र त्या दिवशी घरी थांबायला सांगितले आहे. किती तास बसतो आणि आणखी किती तास काम करू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. अन्वेषक काका, आणखी कामाची तयारी असल्याचे उत्तर त्या टॅबलेटमध्ये नक्की कोणत्या प्रश्नाला द्यायचे असते आणि तो प्रश्न बाईंनी विचारला नाही तर आम्ही तो आपणहून सांगितलेला चालतो का?

माजी_अन्वेषक_ठाणे

चालतो, ताई. कामाचे तास लिहून झाले की त्याला लागूनच तो प्रश्न असतो: त्या दिवशी आणखी किती तास काम करायला तयार होता. दिवसवार विचारतात, म्हणून दिरांनी मागच्या सात दिवसांचे तास आधीच कागदावर मांडून ठेवावेत, नाक्यावरच्या त्या काकांच्या वहीसारखे. आणि बाईंना आत बसवा.